मॉडेल कामावर गेलंय

आमच्या तंत्रनिकेतनाच्या जिन्यात बारा पायऱ्या चढल्या की एक खिडकी लागते. तिचा कट्टा जमिनीपासून बहात्तर सेंटिमीटर उंच आहे. ड्रॉइंग शिकवणारे आमचे सर तो रोज मोजायचे. सकाळी वर जाताना एकदा आणि दुपारी डबा खाऊन वर जाताना एकदा. हातातला टी-स्क्वेअर, म्हणजे ड्रॉइंग बोर्डावर आडव्या रेषा मारायची ती टीच्या आकाराची लांब लाकडी पट्टी, कट्ट्याला लावायचे, डोळे बारीक करून आकडा वाचायचे, "बहात्तर" असं स्वतःशीच म्हणायचे आणि तीन-चार मिनिटं खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. मग उरलेल्या बारा पायऱ्या. मी सरांच्या हाताखाली शिकवण्यात चार वर्षं काढली. चार वर्षांत तो कट्टा तसूभरही वाढला नाही, पण सरांनी मोजायचं काही सोडलं नाही.

सरांचा उजवा गुडघा कामातून गेलेला होता. हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. आणि आपल्याला माहीत आहे हे सरांना कळू द्यायचं नाही, हेही सगळ्या कॉलेजला माहीत होतं. सर काठी वापरत नसत. ते टी-स्क्वेअर वापरत. वरच्या आडव्या दांडीवर पंजा ठेवून, खालचं टोक फरशीवर टेकत ते व्हरांड्यातून यायचे, आणि कुणी बघतंय असं वाटलं की लगेच थांबून भिंतीला पट्टी लावून काहीतरी मोजायचे. त्या पट्टीचं खालचं टोक झिजून झिजून सेंटिमीटरभर कमी झालं होतं. म्हणजे तो कट्टा खरा एकाहत्तरच असणार. पण हे त्यांना सांगणार कोण?

एक नवा शिपाई आला होता, त्याला बिचाऱ्याला हे काही ठाऊक नव्हतं. जिन्यात सर थांबलेले पाहून तो पुढे झाला. "सर जी, हाथ दूँ क्या?"

सरांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काऊन? तुले दोन जास्तीचे आहेत का?"

त्यानंतर तो शिपाई सर दिसले की हात खिशात घालायचा. प्राचार्यांनी एकदा सोय म्हणून सरांचा वर्ग तळमजल्यावर हलवला, तर सरांनी दोन पानी अर्ज दिला की खाली उजेड उजवीकडून येतो, ड्रॉइंगवर हाताची सावली पडते, सबब वर्ग पूर्ववत वर न्यावा. वर्ग वर गेला.

माझी गोष्ट सांगायची तर मी गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीची. कॉलेजपासून माझं घर स्कूटीवर दहा मिनिटांवर. पण मी पुण्याला डिझाइन शिकून आले होते, एवढ्यावरून सर मला पहिल्या दिवसापासून 'पुणेवाल्या मॅडम' म्हणत. मीही तशीच वागायचे म्हणा. शिकून आल्याचा तोरा होताच. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एक डिझाइनचा प्रकल्प करावा लागतो, त्याचे आम्ही दोघे परीक्षक. मी मूल्यमापनासाठी चांगला चार पानी तक्ता तयार केला होता. वापरकर्त्याचा अभ्यास, सर्वेक्षण, सादरीकरण, नावीन्य, सगळ्याला वेगवेगळे रकाने. पहिल्या वर्षी मी तो सरांना भरायला दिला. त्यांनी सव्वीसच्या सव्वीस रकान्यांत एकच वाक्य लिहून परत केला: 'पाहून सांगतो.'

आणि ते खरोखरच पाहून सांगायचे. एका पोराने ऑफिसची खुर्ची बनवून आणली होती. सर तिच्यावर बसले ते तीन तास उठलेच नाहीत. त्यातच डबा खाल्ला, त्यातच पेपर वाचला आणि दोनच्या सुमाराला त्यातच घोरायला लागले. पोरगा खूश. जागे झाल्यावर सरांनी त्याला पन्नासपैकी आठ मार्क दिले.

"सर, झोप लागली ना तुम्हाला? आरामदायकच आहे की!" मी म्हणाले.

"पलंग आनला असता त पन्नास देल्ले असते," सर म्हणाले. "हाफिसात झोप लागून राहिली त खुर्ची फेल."

दुसऱ्या एकीने जेवणाचा डबा केला होता, भाजी सांडत नाही असा. तो सरांनी घरी नेला. आठवड्याने आणला आणि मला सांगितलं, "घरून शून्य आले." म्हणजे काय ते मला कळेना. मग कळलं, की त्यांच्या बायकोने तो घासून पाहिला होता. झाकणाच्या खाचेतली हळद निघत नव्हती. मी म्हटलं, "पण सर, परीक्षक तुम्ही आहात." तर म्हणाले, "डबा मी घासतो का?" खोटं कशाला बोलू, मला त्यांचा रागही यायचा. चार पानी तक्ता करायला मला आठ दिवस लागले होते.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. मुलगा भिंतीवरच्या पडद्यावर चित्रं दाखवायला लागला, की सर दोन मिनिटं ऐकायचे आणि विचारायचे, "हे वापरन कोन? त्याले बलाव." मुलं आपापल्या काकाला, आत्याला, पानठेल्यावाल्याला घेऊन यायची. परीक्षेच्या दिवशी आमच्या व्हरांड्यात बसस्टँडसारखी गर्दी व्हायची. मार्क सर पेन्सिलीने लिहायचे. पेन्सिलीचा तुकडा कानामागे असायचा. "शिजू द्या मार्क," म्हणायचे, आणि दोन दिवसांनी खोडून दुसरे लिहायचे. पेन त्यांनी मार्कांना कधी लावलंच नाही.

ज्या वर्षीचं सांगायचं आहे, ते सरांचं शेवटचं वर्ष. प्रकल्पाची परीक्षा नेमकी मे महिन्यातल्या लग्नाच्या मोठ्या तिथीला आली. निम्मी मुलं डोळे चोळत आली होती. शेवटचा नंबर प्रांजलीचा. गोरेगावच्या पलीकडच्या एका खेड्यातली मुलगी, बारीक, काळीसावळी, बोलायला एकदम सरळ. तिच्या वडिलांचा लग्नात वाजवणारा बँड होता. प्रकल्पाचं नाव तिने लिहिलं होतं: 'छोट्या स्वतंत्र बँड पथकांना आधार देणारे साधन.'

सरांनी नाव वाचलं. "आधार कायले? पडून राहिले का ते?"

"हो सर," प्रांजली म्हणाली. "पडूनच राहिले. मांगच्या हप्त्यात ढोलवाले काका धुऱ्यावरून पडले."

धुरा म्हणजे धानाच्या शेताचा बांध. मला हसू आलं. सरांना आलं नाही. "किती उंच होता धुरा?" त्यांनी विचारलं.

"गुडघ्याएवढा."

सरांनी गुडघ्याकडे न बघता मान हलवली. "अन् स्वतंत्र म्हनजे?"

"बाबाचा बँड अलग आहे सर. आबाजी मोठ्या बँडातून अलग झाले तवा त्यायनं नावासमोर 'न्यू' लावला. मंग बाबा मोठ्या बाबापासून, म्हनजे त्यायच्या मोठ्या भावापासून, अलग झाले, तवा आनखी एक 'न्यू' लावला."

"म्हणजे पाटीवर दोनदा न्यू?" मी विचारलं.

"हो मॅडम. न्यू न्यू."

मग तिने सगळं सांगितलं. आमच्या भागात आता लग्नात धुमाल बोलावतात, मोठ्या ट्रकवर ढोल, भोंगे, दिवे सगळं लादलेलं. त्या ट्रकपुढे आठ माणसांचा बँड कोण विचारतो? ही माणसं मोटारसायकलींवर तिघं-तिघं बसून, मधे ढोल धरून जातात. अॅम्प्लिफायर एकाच्या डोक्यावर, बॅटरी दुसऱ्याच्या पाठीवर, आणि असं वाजवत दीड-दोन तास चालायचं. ढोलाच्या पट्ट्याने काकांची मान धरलेली. म्हणून तिने एक गाडी केली होती. सायकलची चाकं, वर पाइपांचा सांगाडा. घडी घातली की मोटारसायकलच्या मागे बांधता येते, उघडली की अॅम्प्लिफायर, बॅटरी, दिवे आत आणि पुढच्या कठड्यावर ढोल टेकतो. कठडा तिन्ही बाजूंनी, कमरेएवढा.

सांगायची छान. पण अहवाल चौदा पानी, हाताने लिहिलेला. पडद्यावर दाखवायला काही नाही. सर्वेक्षण कुणाचं केलं, तर वडील, सख्खे काका आणि ते ढोलवाले काका. तीन माणसं.

"तीनच कायले? बँडात त आठ जन ना?" सर म्हणाले.

"बाकीचे वापरतेत सर, पन सांगाले बसत नाहीत."

"आणि मॉडेल कुठे आहे?" मी विचारलं.

तिने पहिल्यांदा मान खाली घातली. "मॉडेल कामावर गेलंय मॅडम."

"म्हणजे?"

"आज वरात आहे. बाबा म्हने, पोरी, गाडी तुह्या परीक्षेले देल्ली त मी का बॅटरी डोक्यावर नेऊ?"

नियम स्पष्ट होता. मॉडेल नाही तर मॉडेलचे वीस मार्क शून्य. मी माझा तक्ता भरला, बेरीज केली, पन्नासपैकी सतरा आले. पास व्हायला वीस हवे होते. अभिप्रायात मी पेनाने लिहिलं: 'प्रकल्पाने नेमका कोणता आधार दिला, हे सिद्ध होत नाही.' वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं होतं. प्रांजलीने ते समोर बसल्या जागेवरून उलटंच वाचलं.

"मॅडम, नापास झाली त डिग्रीले नंबर नाही लागनार," ती म्हणाली. "बाबा म्हनतेत, वर्ष गेलं त बँडातच ये, कीबोर्डवर बस. मले कीबोर्ड नाही वाजवाचा मॅडम. मले गाड्या बनवाच्या आहेत."

मला वाईट वाटलं. पण मी नियमाकडे बोट दाखवलं. पुण्याहून तेवढं मी नीट शिकून आले होते. गुणपत्रक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत द्यायचं होतं.

सर मात्र कुठल्या भलत्याच आनंदात होते. "मॉडेल कामावर गेलं," ते गोड काही चघळल्यासारखं पुन्हा पुन्हा म्हणत होते. "मॅडम, तीस वर्स झाले, पोट्टे मले सांगत आले. मॉडेल तुटलं, मॉडेल घरी राह्यलं, एकाचं त बकरीनं खाल्लं. पन कामावर गेलं, हे पह्यलीच खेप आहे."

"पण सर, नियम..."

"परीक्षक खुर्चीवरच बसन, असं लिहून आहे का नियमात? मॉडेल येत नसन त आपन जाऊ."

असं लिहिलेलं नव्हतं. मी नंतर शोधलं.

साडेतीनच्या उन्हात आम्ही माझ्या स्कूटीवर निघालो. मी पुढे, सर मागे, मधे टी-स्क्वेअर. प्रांजली एसटीने येणार होती. "पट्टी उभी धरा सर," मी दोनदा सांगितलं. सरांनी ती आडवी धरली, कारण उभी धरली की टोपी पडते म्हणे. गोंदियाच्या बाहेर पडेपर्यंत आम्ही एका फळवाल्याच्या ताडपत्रीची दोरी सोडवली, एका रिक्षाच्या आरशाला नमस्कार केला आणि एक सायकलवाला आम्हाला हिंदीत बराच वेळ काहीतरी सांगत होता. गोरेगावच्या बाजाराच्या गर्दीतून निघाल्यावर मी मागे पाहिलं तर पट्टीच्या टोकाला कुणाचा तरी पिवळा दुपट्टा अडकून फडफडत होता. कुणाचा ते कळायला मार्ग नव्हता. सरांनी त्याने घाम पुसला.

लग्नाच्या गावी, शाळेमागे आंब्याच्या झाडाखाली बँड तयार होत होता. लाल कोट, सोनेरी झालरी, घामाने चेहरे आत्ताच चिंब. प्रांजलीचे वडील गळ्यात शिट्टी घालून माणसं मोजत होते. सर स्कूटीवरून उतरतात न उतरतात तोच ते धावत आले.

"या जी या! किती उशीर केला! सौंदडवाल्यानं धाडलं ना तुमाले?"

त्यांचा एक माणूस आजारी पडला होता आणि त्यांनी सौंदडच्या दुसऱ्या एका बँडकडे बदली माणूस मागितला होता. "लग्नवाल्याले आठ मानसं बोल्लो आहो," ते घाईघाईने म्हणाले. "सात दिसले त कटकट करतेत. वाजवता येते का?"

"अहो, हे तर..." मी सुरू केलं.

सरांनी पट्टीचं टोक माझ्या चपलेवर टेकवलं. "नाही येत," ते म्हणाले.

"बेस झालं. वाजवता येनारे लोक लय आवाज करतेत. ड्रेस घाला."

आता हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण लहान बँडांत हे सर्रास चालतं. माणसं कमी पडली की कुणालातरी कोट चढवतात, हातात वाद्य देतात आणि चालवतात. सरांना त्यांनी एक भलामोठा पितळी बाजा दिला. "तोंडाले लावून ठेवा, गाल फुगवा. पन फुकू नका जी. अजिबात फुकू नका."

सरांनी दोन्ही हातांनी बाजा घेतला. त्यासाठी त्यांना पट्टी कुणाकडे तरी द्यावी लागली. "धरा मॅडम," ते म्हणाले. चार वर्षांत ती पट्टी त्यांच्या हाताबाहेर गेलेली मी प्रथमच पाहिली. कोटाच्या बाह्या कोपरापर्यंतच येत होत्या आणि कानामागची पेन्सिल बँडच्या टोपीखालून डोकावत होती. गाडीजवळ उभं करताच सर खाली वाकून चाकाचा आस बघायला लागले. बिजागरी हलवून पाहिली. कठडा दोन्ही हातांनी गदागदा हालवला.

"बुढा बाजा सोडून गाडीच पाहून राहिला," ढोलवाले काका म्हणाले.

वरात निघाली. मी टी-स्क्वेअर खांद्यावर घेऊन मागून चालले होते. नवरदेवाची एक आत्या माझ्या बाजूला आली आणि बराच वेळ त्या पट्टीकडे बघून म्हणाली, "बाई, हा कोनता नेंग आहे वं?" नेंग म्हणजे लग्नातला रीतीचा विधी. मी म्हटलं, "नेंग नाही मावशी, कॉलेजचं आहे." तिने पुढच्या बाईला सांगितलं, "नवरदेवाच्या कॉलेजातून आहेर आला." पुढे मांडवात दोघांनी तो माझ्याकडून मागून घ्यायचा प्रयत्न केला.

गावातल्या गल्लीच्या तोंडाशी घोळ झाला. दुसऱ्या एका लग्नाचा धुमालचा ट्रक वळणावर घरांच्या मधे अडकला होता. पुढे जाईना, मागे येईना, वरचे भोंगे मात्र चालूच. आमच्या नवरदेवाचा मुहूर्त जवळ येत चाललेला. नवरदेवाचे मामा ओरडायला लागले. तेव्हा प्रांजलीचे वडील शिट्टी मारून म्हणाले, "चला, बांध्यातून काढतो." रिकाम्या धानाच्या शेतांतून, आडवे चार धुरे ओलांडून, मांडव पलीकडेच होता.

मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या हातात बाजा, आणि पट्टी माझ्याकडे. मला पुढे धावत जाऊन ती त्यांना द्यावीशी वाटली, पण मधे शंभर नाचणारी माणसं होती, आणि तेवढ्या माणसांसमोर दिली असती तरी त्यांनी घेतली नसती हे मला चांगलं ठाऊक होतं.

पहिला धुरा आला. गाडीची चाकं चढली, तिरकी झाली, सरळ झाली. ढोल कठड्यावरून जराही हलला नाही. सर धुऱ्याच्या कडेला थांबले. आता इथे मोजण्यासारखं काही नव्हतं. त्यांचा डावा हात बाज्यावरून सुटला, हवेत क्षणभर चाचपडला आणि गाडीच्या कठड्यावर येऊन बसला. घट्ट. गाडी पुढे गेली तसे सर तिच्याबरोबर वर चढले आणि पलीकडे उतरले.

दुसराही तसाच गेला. तिसऱ्याला चाक दगडावरून उडालं, सरांना हिसका बसला, आणि गुडघ्याची कळ की काय ती सगळी त्या बाज्यातून बाहेर आली. भों! म्हैस रस्ता चुकली की ओरडते तसा आवाज. नाचणारे थांबले. प्रांजलीच्या वडिलांनी डोक्याला हात लावला. एवढ्यात नवरदेवाचे मामा गर्दीतून उड्या मारत आले.

"वा! हा बुढा खरा वाजवते! बाकीचे पोट्टे झोपूनच राहिले. याले समोर आना!"

सरांना गाडीसकट समोर आणलं. आता इलाज नव्हता. "फुका जी, आता फुका," प्रांजलीचे वडील कपाळ पुसत म्हणाले. सरांनी उजव्या हाताने बाजा धरला, डाव्याने कठडा, आणि दर दहा पावलांनी एक भों काढत ते वरातीच्या पुढे चालले. मामा त्यांच्यासमोर उलटे चालत नाचत होते. सर हसत होते. हे हसू मी कॉलेजात कधी पाहिलं नव्हतं, आणि मला उगाचच रडू आलं.

चौथ्या धुऱ्याशी प्रांजली एसटीतून उतरून शेतातून पळत आली. आपला परीक्षक लाल कोटात गाल फुगवून येतोय हे पाहून ती जागच्या जागी उभी राहिली. मग वडिलांचा हात ओढून म्हणाली, "बाबा, ते माहे सर आहेत!"

"असतीन," वडील म्हणाले. "पन सौंदडवाल्यानं यंदा पह्यल्यांदा कामाचा मानूस धाडला."

लग्न वेळेवर लागलं. धुमालचा ट्रक तेव्हाही गल्लीतच होता.

मांडवाच्या मागे सर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. उजवा पाय समोर ताणलेला, टोपी मांडीवर, चेहरा राखेसारखा झालेला. प्रांजलीने पाणी आणून दिलं आणि गाडी ओढून त्यांच्या हाताशी आणून ठेवली. सरांनी पाणी पिऊन दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"फॉर्म काढा मॅडम."

मी पिशवीतून फॉर्म काढला. त्यांनी तो गाडीच्या झाकणावर पसरला. माझे सतरा मार्क वाचले, माझं वाक्य वाचलं. त्याखाली छापलेलं होतं: 'दुसरा परीक्षक असहमत असल्यास अभिप्राय पुराव्यासह द्यावा.' सरांनी कानामागची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कानामागे ठेवली.

"पेन द्या."

मी दिलं. ते बराच वेळ लिहीत होते, एकेक अक्षर ड्रॉइंगवरच्या अक्षरांसारखं. मग कागद माझ्याकडे सरकवला. एक्केचाळीस मार्क. आणि खाली लिहिलेलं:

'आधार सिद्ध होतो. परीक्षकाचा उजवा गुडघा निकामी आहे. गेली काही वर्षे काठीशिवाय चालता येत नाही. आज काठी मॅडमजवळ होती. या गाडीच्या कठड्याला धरून चार धुरे ओलांडले. पडलो नाही.'

मी ते दोनदा वाचलं. हातातल्या पट्टीकडे पाहिलं. हा कागद प्राचार्यांकडे जाणार होता, ऑफिसात जाणार होता, तो हात खिशात घालणारा शिपाईच तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेणार होता.

"सर," मी हळूच म्हणाले, "गुडघ्याचं काढून टाकू या का? नुसतं 'प्रत्यक्ष पाहिले' असं लिहिलं तरी चालेल."

"पुरावा तुमीच मांगितला ना?" सर म्हणाले.

मी माझं वाक्य खोडलं. सतरा खोडून एक्केचाळीस केले आणि सही केली. प्रांजली बाजूलाच उभी होती. तिने कागद वाचला आणि ती तोंड फिरवून गाडीची बॅटरी काढायला लागली. बराच वेळ काढत होती.

मग सरांनी अंगातला लाल कोट उतरवून नीट घडी घालून कठड्यावर ठेवला आणि खुर्चीच्या हातावर जोर देत उठायला लागले. मांडवातली आठ-दहा माणसं, सगळा बँड, नवरदेवाचे मामा, सगळे बघत होते. सरांनी माझ्याकडे हात पुढे केला.

"काठी द्या मॅडम," ते म्हणाले.

मी दिली.